गुरुवार, दुपारी चार, जुने सभागृह

१

गुरुवारी दुपारी चार वाजता विद्यापीठाच्या नव्या सभागृहात नव्वद माणसं एका व्याख्यानाची वाट पाहत बसली होती. त्याच वेळी, आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या जुन्या सभागृहात, ते व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापिका व्यासपीठावर एकट्या बसून श्रोत्यांची वाट पाहत होत्या.

नव्या सभागृहातली माणसं साडेचारला उठली. मॅडमची तब्येत बिघडली असेल, असं कुणीतरी म्हणालं. विभागप्रमुखांनी त्यांच्या घरी फोन लावला, तो कुणी उचलला नाही, तेव्हा माफी मागून त्यांनी सगळ्यांना मोकळं केलं. प्राध्यापिका मात्र साडेपाचपर्यंत बसून राहिल्या. वय वर्षं बहात्तर. उभा जन्म गवताच्या अभ्यासात गेलेला. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी विद्यापीठानं त्यांना बोलावलं होतं, आणि त्यांनी चौतीस पानं हातानं लिहून आणली होती. ती न वाचताच पिशवीत घालून त्या जिना उतरल्या.

शुक्रवारी सकाळी कुलगुरूंच्या टेबलावर त्यांचं पत्र पडलं होतं. ‘मला मुद्दाम रिकाम्या खुर्च्यांसमोर बसवण्यात आलं. जो कुणी जबाबदार असेल त्याच्यावर कारवाई व्हावी.’

जबाबदार माणूस शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. आवारातली व्याख्यानं, मेळावे, शोकसभा, सगळ्यांची खबर देणारं ‘या आठवड्यात’ नावाचं चारपानी पत्रक दर सोमवारी निघे. ते काढणारा कारकून एकच. कुठलं सभागृह कधी रिकामं आहे हे त्याला झोपेतही सांगता येई, म्हणून सगळे त्याला ‘वेळापत्रक’ म्हणत. आणि त्या आठवड्याच्या पत्रकात स्पष्ट छापलेलं होतं: गुरुवार, दुपारी चार, नवे सभागृह.

वेळापत्रक धावत गेला तो शोधकबाईंकडे.

शोधकबाई म्हणजे विद्यापीठाच्या छापखान्यातल्या निवृत्त मुद्रितशोधक. छपाईतल्या चुका शोधण्यात तीस वर्षं गेली. छापखाना बंद पडला तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. चष्म्यापासून चोरीपर्यंत आवारात काहीही हरवलं, की लोक आधी त्यांचं दार वाजवत.

“मी नाही हो बदललं, बाई,” वेळापत्रक दारातूनच म्हणाला. चाळिशी उलटलेला माणूस, अकरा वर्षं हंगामी नोकरीवर. “शुक्रवारी मी प्रूफ कचेरीच्या दाराला लावतो. कुणाला काही दुरुस्त करायचं असेल तर करावं म्हणून शेजारी लाल पेन बांधून ठेवतो. शनिवारी दुपारी काढतो आणि जशा दुरुस्त्या असतील तशा करून छापायला देतो. त्यावर कुणीतरी ‘जुने’ खोडून ‘नवे’ केलं होतं. मी तसंच केलं.”

“मग ते प्रूफ दाखव ना त्यांना.”

“तेच सापडत नाही. सगळं कपाट उपसलं.” त्यानं मान खाली घातली. “सोमवारी समिती बसतेय. मला काढतील.”

२

त्याच दुपारी शोधकबाई प्राध्यापिकेच्या घरी गेल्या. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. आवारात सगळे त्यांना आप्पा म्हणत. हे छापखान्यातले जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांच्या ओळी जुळवायच्या, हे त्यांचं काम. बावीस वर्षं आप्पांनी जुळवलं आणि शोधकबाईंनी त्यातल्या चुका काढल्या. प्राध्यापिकेचं पहिलं पुस्तक आप्पांनीच जुळवलं होतं, आणि पुस्तक जुळवता जुळवता लग्नही जुळलं, असा छापखान्यातला जुना विनोद होता. ती त्यांना अरे-तुरे करते याचं तेव्हा लोकांना फार नवल वाटायचं.

प्राध्यापिका खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर ती चौतीस पानं.

“एक माणूस आला नाही, शोधकबाई. एक! रस्ता चुकून आत डोकावणारासुद्धा नाही.”

“पत्रकात चुकीचं छापलं गेलं, मॅडम. तुम्ही पत्रक पाहिलं नव्हतं?”

“आमच्याकडे आलंच नाही या वेळी. दर सोमवारी येतं. का रे?”

“टपालात राहिलं असेल,” आप्पा चहाचे कप उचलत म्हणाले.

“चूक-बीक काही नाही,” प्राध्यापिकांचा आवाज चढला. “विभागप्रमुखाचं काम आहे हे. माझाच विद्यार्थी. माळावरच्या गवताच्या त्याच्या नोंदी चुकीच्या आहेत, हे मी भर सभेत सांगणार होते. त्याला कुणकुण लागली असणार.” मग त्या एकदम प्रसन्न झाल्या. “अगं, पण तू चहा घेशील ना?”

शोधकबाईंनी रिकाम्या कपांकडे पाहिलं. आप्पा हळूच म्हणाले, “अर्धा कप अजून घेतील त्या.” आणि आत वळले.

त्यांना मदत करावी म्हणून शोधकबाई मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. फडताळातल्या प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी होती: साखर, चहा, मीठ. शेगडीच्या वरच्या भिंतीवर एक मोठा कागद: ‘बंद केली का?’

निघताना आप्पा फाटकापर्यंत आले. “बाई, एक सांगू? हे प्रकरण आता इथंच राहू द्या. ती चिडलीय, आठवड्याभरात शांत होईल.”

“त्या होतील हो. पण वेळापत्रकाचं काय? सोमवारी त्याला नोकरीवरून काढणार आहेत.”

फाटकाची कडी लावता लावता आप्पांचा हात थांबला.

“काढणार?” त्यांनी विचारलं. “कागदावरच्या एका शब्दासाठी?”

आणि उत्तराची वाट न पाहता ते घरात निघून गेले.

३

प्रूफ कपाटात नव्हतं. चोरायला त्यात सोनं लागलेलं नव्हतं. मग शनिवारी काम झाल्यावर कचेरीतला पाठकोरा कागद जातो कुठं?

“ग्रंथालयात,” वेळापत्रक म्हणाला. “आमचा शिपाई गठ्ठाच नेऊन देतो. ते चार तुकडे करून पुस्तकं मागायच्या चिठ्ठ्या बनवतात.”

शनिवारी सकाळी शोधकबाई ग्रंथालयाच्या खिडकीपाशी ठाण मांडून बसल्या. चिठ्ठ्यांचे सहा गठ्ठे. ग्रंथपालबाई वैतागल्या, मग त्यांनाही कुतूहल वाटलं आणि त्याही शोधायला लागल्या. चौथ्या गठ्ठ्यात एका चिठ्ठीच्या पाठीवर लाल शाई दिसली. एका बाजूला कुणा विद्यार्थ्यानं मागितलेल्या पुस्तकाचं नाव, आणि दुसऱ्या बाजूला पत्रकाचा चौथा हिस्सा.

वेळापत्रक खरं बोलत होता. ‘जुने’ खोडलेलं होतं आणि समासात ‘नवे’ लिहिलेलं होतं.

“सुटला बिचारा!” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“अजून नाही,” शोधकबाई म्हणाल्या. “हे त्यानंच मागाहून खरडलं, असंही म्हणतील लोक.”

त्यांनी चष्मा पुसला आणि तुकडा उजेडात धरला. त्याच तुकड्यावर आणखी दोन विभागांनी आपापल्या चुका दुरुस्त केल्या होत्या, म्हणजे शब्द गिरगटून वर दुसरा कोंबला होता. पण ‘जुने’ या शब्दावर एकच सरळ रेघ होती. तिथून दुसरी बारीक रेघ समासात नेलेली, आणि तिच्या टोकाला एक वेटोळं. छापखान्यात ही ‘काढून टाका’ची खूण. ती शिकल्याशिवाय कुणाला येत नाही.

आवारात आजघडीला ही खूण येणारी माणसं तीन. एक विभागप्रमुख, कारण विभागाचं नियतकालिक ते स्वतः तपासतात. दुसरे आप्पा. आणि तिसऱ्या त्या स्वतः.

वेटोळं डावीकडे वळलेलं होतं. शोधकबाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग तुकडा त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि ग्रंथपालबाईंना काहीच न सांगता बाहेर पडल्या.

४

शनिवारी संध्याकाळी हिरवळीवर आवारातल्या कुटुंबांचा मेळावा होता. पोरं दोरीवरून उड्या मारत होती. विभागप्रमुख एका झाडाखाली परीक्षक म्हणून बसले होते.

“माझ्यावर संशय आहे ना?” त्यांनीच सुरुवात केली. “मॅडमनी सगळीकडे सांगितलंय. सांगू देत. मला अक्षरओळख नसावी तसं त्या मला वीस वर्षं बोलत आल्यात, आणि तरी मी त्यांना बोलावलं. माझ्या नोंदी चुकीच्या असतील तर ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं मला.”

शोधकबाईंनी हातातलं या आठवड्याचं पत्रक पुढं केलं. “यात एक शब्द दोनदा पडलाय. तुम्ही संपादक माणूस, जरा खूण करून द्या. माझा चष्मा घरी राहिलाय.”

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. विभागप्रमुखांचं लक्ष पोरांकडे होतं, म्हणून बरं. त्यांनी पेन काढून रेघ ओढली आणि समासात वेटोळं काढलं. अगदी पुस्तकात असतं तसं, उजवीकडे वळणारं.

शोधकबाईंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. त्यांनी नुसती पत्रकाची घडी घातली.

“एक विचारू? निमंत्रणात तर जुनं सभागृह होतं. पत्रकात नवं पाहिल्यावर तुम्हाला शंका नाही आली?”

“आली ना. म्हणून बुधवारी संध्याकाळी मॅडमच्या घरी फोन केला. नवं सभागृहच बरोबर, असं घरूनच कळलं.”

“मॅडम म्हणाल्या?”

“नाही, त्या पडल्या होत्या. आप्पांनी सांगितलं.”

दोरीवरचं कुणीतरी धडपडलं आणि विभागप्रमुख उठून धावले. शोधकबाई तिथंच उभ्या राहिल्या.

५

तरीही त्यांचं मन मानेना. ऐकण्यात चूक झाली असेल. म्हातारा माणूस, फोनवर नीट ऐकू आलं नसेल. रविवारी सकाळी त्या जुन्या सभागृहाच्या रखवालदाराकडे गेल्या. तो खुर्च्या मोजत होता.

“आमच्या वहीत मूळ नोंद होती, बाई, म्हणून मी उघडून ठेवलं. मॅडम आल्या, पाणी मागितलं, वर बसल्या. कुणीच येईना. मला कसंतरीच झालं हो. पाच वाजता मी म्हटलं, मीच बसतो समोर. तर म्हणाल्या, नको, लोक येतील, तू दारात थांब.”

“त्यांचे यजमान न्यायला किती वाजता आले?”

“न्यायला कुठले? ते इथंच होते.”

“आत?”

“नाही, खाली. जिन्याच्या कोनाड्यात. मॅडमना वर सोडलं, औषध आणायला जातो म्हणाले, आणि खाली येऊन तिथंच उभे राहिले. चारपासून साडेपाचपर्यंत. मी म्हटलं, आप्पासाहेब, वर जा की, एकट्या आहेत त्या. तर नुसता हात केला, गप्प राहा म्हणून.” त्यानं खुर्च्या मोजायचं सोडलं. “भिंतीला कपाळ टेकवून उभे होते, बाई. मला वाटलं, चक्कर आली.”

६

जुना छापखाना बंद असला तरी त्याची एक खोली पाहुण्यांना दाखवायला ठेवली होती. रविवारी दुपारी आप्पा तिथं जाऊन खिळ्यांची धूळ झटकत. शोधकबाई आत आल्या आणि लाल शाईचा तुकडा त्यांनी त्यांच्यासमोर ठेवला.

आप्पांनी तो उचललासुद्धा नाही.

“वेटोळ्यावरून ओळखलंत.”

“बावीस वर्षं ओरडले तुमच्यावर, सरळ काढा म्हणून. पण जन्मभर खिळ्यांवरच्या उलट्या अक्षरांच्या ओळी जुळवलेला हात. तो उलटाच वळायचा.” शोधकबाई स्टुलावर बसल्या. “पत्रक घरी आलं होतं. तुम्हीच लपवलंत. विभागप्रमुखांना फोनवर तुम्हीच खोटं सांगितलंत. हे सगळं कळलं मला, आप्पा. का केलंत ते सांगा.”

आप्पांनी हातातलं फडकं चौकोनी घडी घालून ठेवलं.

“दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला सांगितलं. हळूहळू सगळं विसरणार म्हणून. त्या दिवशी ती खिडकीशी बसून दिवसभर रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि गुणगुणत चहा टाकला. विसरली होती, बाई. डॉक्टर, आजार, रडणं, सगळंच. मला इतका आनंद झाला! मग त्या आनंदाचीच लाज वाटली. पण ठरवलं, हे तिला पुन्हा सांगायचं नाही. कधीच नाही.”

“आणि व्याख्यान?”

“रोज वाचून दाखवायची मला. दुसरं पान संपलं की पुन्हा पहिलं. तेच वाक्य, तोच विनोद, आणि विनोदानंतर तेच थांबणं. तिला कळत नव्हतं. नव्वद माणसांना कळलं असतं. आधी कुणीतरी खोकलं असतं, मग मागच्या रांगेत कुणी हसलं असतं.”

“जाऊ नकोस म्हणायचं होतं.”

“म्हटलं. तर ती म्हणाली, का? त्या ‘का’चं उत्तर कुठून आणू?” आप्पांनी घडी घातलेलं फडकं पुन्हा उलगडलं. “मला वाटलं, कुणी आलं नाही तर चिडेल लोकांवर. चिडू दे. लोकांवरचा राग माणूस सोसतो. स्वतःचीच भीती वाटायला लागली तर काय करायचं?”

“म्हणून तुम्ही जिन्याखाली उभे राहिलात.”

“वर गेलो असतो तर एक श्रोता झाला असता, बाई. तिनं व्याख्यान सुरू केलं असतं.”

शोधकबाईंनी तो तुकडा पुन्हा पर्समध्ये ठेवला.

“वेळापत्रकाचं माझ्या डोक्यातच आलं नाही,” आप्पा म्हणाले. “आपल्याकडे चूक झाली तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र यायचं. माणसाला कुणी काढायचं नाही. मला वाटलं, तेवढंच होईल.”

“उद्या समिती आहे.”

“जाईन मी. पण आज तिला सांगावं लागेल. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर…” ते उठले. दारापाशी जाऊन थांबले, पाठमोरेच. “सगळंच सांगावं लागेल आता. डॉक्टरचंही.”

७

सोमवारी आप्पा समितीपुढे उभे राहिले. पाच मिनिटांत सांगून मोकळे झाले. कुणी त्यांना प्रश्न विचारला नाही. वेळापत्रकाची नोकरी वाचली. बाहेर आल्यावर तो त्यांना म्हणाला, “मी फार शिव्या घातल्या हो तुम्हाला, कोण ते माहीत नसताना.” आप्पा म्हणाले, “बरोबर घातल्यास.”

तीन आठवडे शोधकबाई त्या घराकडे फिरकल्या नाहीत. सत्य शोधून काढलं याचं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ओझं झालं होतं. चौथ्या आठवड्यात मात्र राहवेना.

प्राध्यापिका टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या. त्यांना पाहून तोंडभर हसल्या.

“बरी आलीस. हे वाच, भाषा ठीक आहे का सांग. कुलगुरूंना पत्र लिहितेय. माझ्या व्याख्यानाला मला मुद्दाम रिकाम्या खुर्च्यांसमोर बसवलं. एक माणूस आला नाही, शोधकबाई! त्या कारकुनावर कारवाई झालीच पाहिजे.”

शोधकबाईंनी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा आतून येत होते, हात पुसत. हे त्यांना नवं नव्हतं, एवढं त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

“मी निघते, आप्पा.”

“बसा, बाई.” त्यांनी खुर्ची ओढली, बायकोच्या हातातलं पेन काढून बाजूला ठेवलं आणि तिचे दोन्ही हात धरले. “ऐक. कारकुनाची चूक नाही. सभागृह मी बदललं.”

“तू?”

“मी.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. दुसऱ्या पानानंतर पुन्हा पहिलं पान येतं ते सांगितलं. जिन्याखालचं सांगितलं. प्राध्यापिकांचा चेहरा शोधकबाईंच्या डोळ्यांदेखत म्हातारा होत गेला. जे दुःख एकदाच व्हायला हवं होतं, ते त्यांना पुन्हा पहिल्यांदाच होत होतं.

खूप वेळानं त्यांनी विचारलं, “हे तू मला आधी सांगितलंयस?”

“हो.”

“किती वेळा?”

“हे सातवं पत्र आहे.”

“दर वेळी मी काय करते?”

“रडतेस. एकदा कप फेकलास. एकदा दोन दिवस बोलली नाहीस, मग बोललीस, कारण विसरलीस.”

प्राध्यापिकांनी आपले हात सोडवून घेतले. बाहेर पोस्टमन सायकलवरून गेला, त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“माफ केलं का तुला कधी?”

आप्पांनी तिचं पेन उचलून टोपण लावलं.

“एकदा,” ते म्हणाले. “गेल्या मंगळवारी.”

प्राध्यापिकांनी पत्राची घडी घातली आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली.

“मग तेच धरून चाल,” त्या म्हणाल्या. “आज माझ्यानं होणार नाही.”